विमानात पाय ठेवला की कायदा बदलायचा

केबिन क्रूला कामावर होणाऱ्या दुखापतींवर रिसर्च करायचा म्हटलं की आपण आधी अपघातांचा डेटा उघडतो. अमेरिकेचाच घ्या. २००९ ते २०२२ या काळात तिथे टर्ब्युलन्समुळे १६३ जण गंभीर जखमी झाले, त्यांतले १२९ जण क्रूचे. प्रवासी पट्टा बांधून बसलेला असतो, क्रू ट्रॉलीमागे उभा असतो. इथपर्यंत सोपं आहे.

पण यातल्या ‘गंभीर’ची व्याख्या वाचलीत का? ४८ तासांपेक्षा जास्त रुग्णालयात राहावं लागलं किंवा हाड मोडलं, तर ती दुखापत गंभीर. मात्र बोटाचं किंवा नाकाचं साधं फ्रॅक्चर यात धरत नाहीत. आणि ट्रॉली ओढून ओढून वर्षभरात कामातून गेलेली पाठ? तो अपघातच नव्हे. ती शोधायची तर कंपन्यांच्या दुखापत-नोंदी बघाव्या लागतात.

बरं, मग कामगार सुरक्षेचा कायदा कुठे होता? तो १९७० साली झाला आणि त्यातून ‘ओशा’ ही संस्था उभी राहिली. पण त्याच कायद्यात एक पळवाट होती (मी तिला पळवाटच म्हणते): दुसरं केंद्रीय खातं जिथे सुरक्षेचा अधिकार वापरतं, तिथे ओशाचे नियम लागू नाहीत. १९७५ मध्ये विमान वाहतूक खात्याने, म्हणजे ‘एफएए’ने, नोटीस काढून तो अधिकार सांगितला. उड्डाणाच्या तयारीसाठी क्रूचा पहिला माणूस विमानात चढल्यापासून शेवटचा उतरेपर्यंत क्रूची सुरक्षा आमच्याकडे. मधल्या थांब्यावर विमान नुसतं उभं असलं तरीही. म्हणजे खाली सामान चढवणारा कामगार ओशाच्या छत्राखाली, आणि त्याच्या डोक्यावर काही फुटांवर काम करणारी क्रू मेंबर बाहेर! एफएएचा सगळा भर विमान सुखरूप उडण्यावर. कुणाच्या कानांचं, खांद्याचं काय होतंय हा त्यांचा मुख्य विषयच नव्हता.

हे जवळजवळ ३८ वर्षं चाललं. क्रूच्या संघटनांनी पाठपुरावा केला, २०१२ च्या कायद्यात काँग्रेसने एफएएला धोरण ठरवायला सांगितलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये ओशाचे तीन नियम केबिनमध्ये आले: आवाजापासून कानांचं रक्षण, घातक रसायनांची माहिती आणि रक्तातून पसरणाऱ्या रोगांपासून बचाव.

ट्रॉलीचं ओझं या तिन्हींत बसत नाही. वजन उचलणं, ढकलणं यासाठी ओशाने २००० साली एर्गोनॉमिक्सचा नियम काढला होता. मार्च २००१ मध्ये काँग्रेसने तो रद्द केला.