तेलाच्या पैशातून मैदानं

गावचं मैदान, नदीकाठची मोकळी जागा, टेकडीवर जाणारी पायवाट या गोष्टी सगळ्यांच्या असतात. आणि जे सगळ्यांचं असतं, त्यासाठी पैसे कुणी द्यायचे हे ठरवणं अवघड असतं. अमेरिकेनं या प्रश्नाचं एक उत्तर १९६४ साली शोधलं. त्या उत्तराचं पुढे काय झालं ते आपण पाहू.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारी वाढल्या, शहरं पसरली आणि सुट्टीत बाहेर पडणाऱ्यांची गर्दी होऊ लागली. १९५८ साली तिथल्या संसदेनं या विषयासाठी एक आयोग नेमला. लॉरन्स रॉकफेलर त्याचे अध्यक्ष होते. १९६२ साली आयोगाचा अहवाल आला. लोकांना उंच शिखरं आणि घनदाट जंगलंच हवी असतील, असं आपल्याला वाटेल. पण बहुतेकांची आवड अगदी साधी निघाली : चालणं, पोहणं, गाडीतून फेरफटका मारणं, डबा घेऊन सहलीला जाणं. दुसरी गोष्टही लक्षात आली. देशात मोकळी जमीन भरपूर होती, पण माणसं जिथे दाटीनं राहत होती तिथे ती नव्हती.

या अहवालातून ‘भूमी व जल संवर्धन निधी’ उभा राहिला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ३ सप्टेंबर १९६४ रोजी कायद्यावर सही केली. निधीचा एक भाग केंद्र सरकारनं जमिनी घेण्यासाठी होता, तर दुसरा राज्यांना आणि त्यांच्यामार्फत गावांना, शहरांना अनुदान देण्यासाठी. सुरुवातीला बागांचं प्रवेशशुल्क, यांत्रिक होड्यांच्या इंधनावरचा कर अशा मार्गांनी पैसा येई. तो पुरेना. म्हणून १९६८ साली समुद्रातल्या तेल आणि वायूच्या विहिरींपासून सरकारला मिळणारं उत्पन्न या निधीकडे वळवण्यात आलं. यामागचा विचार सरळ होता. तेल एकदा काढलं की संपतं, तेव्हा त्याच्या बदल्यात टिकणारं काहीतरी पुढच्या पिढीच्या हाती ठेवावं.

अनुदानाला दोन अटी होत्या, आणि त्या आजही आहेत. पहिली, खर्चाचा निम्मा वाटा स्थानिकांनी उचलायचा. मैदानाला १ लाख डॉलर लागणार असतील, तर निधीतून जास्तीत जास्त ५० हजार मिळणार. दुसरी अट अधिक कडक आहे. अनुदान घेतलेली जागा कायम लोकांच्या मोकळ्या हवेतल्या वापरासाठीच राहिली पाहिजे. तिथे दुसरं काही बांधायचं झालं, तर निदान तेवढ्याच किमतीची आणि तितकीच उपयोगी जागा बदली द्यावी लागते.

या पद्धतीनं ४०,००० हून जास्त लहानमोठी कामं झाली. पण पहिल्या अटीची दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्या वस्तीला मैदानाची गरज सर्वांत जास्त, तिलाच निम्मा वाटा उभा करणं सर्वांत कठीण जातं. गरीब शहरी वस्त्यांसाठी वेगळी स्पर्धात्मक योजना निघायला २०१४ साल उजाडलं.

दुसरी अडचण पैशाचीच होती. १९७८ पासून दरवर्षी ९० कोटी डॉलर निधीच्या खात्यावर मांडले जाऊ लागले. मात्र ते खर्चायचे तर संसदेची दरवर्षी वेगळी मंजुरी लागे. ती पूर्ण रकमेला मिळाली असं जेमतेम दोनदा झालं. १९९६ ते १९९९ या आर्थिक वर्षांत तर राज्यांना नवं अनुदानच मिळालं नाही. २०१८ पर्यंत जमा दाखवलेल्या रकमेपैकी निम्मीसुद्धा या कामांवर खर्च झाली नव्हती. उरलेली केवळ हिशेबाच्या वहीत होती.

कायद्याची मुदत २०१५ आणि २०१८ मध्ये संपलीही. अखेर मार्च २०१९ मध्ये निधी कायमस्वरूपी झाला. ऑगस्ट २०२० च्या कायद्यानं वर्षाला ९० कोटी डॉलर खर्चासाठी देणं बंधनकारक केलं. दोन्ही कायद्यांना दोन्ही प्रमुख पक्षांच्या सदस्यांनी मतं दिली होती.

पैसा कुठून आणायचा हे १९६८ मध्येच ठरलं होतं. तो त्याच कामासाठी हाती पडायला आणखी ५२ वर्षं गेली. नागरिकशास्त्राच्या तासाला अंदाजपत्रक शिकवताना तरतूद आणि खर्च हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो. त्यांच्यातलं अंतर मुलांना दाखवायचं असेल, तर हे उदाहरण फळ्यावर मांडून पाहावं.