एक पुस्तक, दोन सुरुवाती

आजची गोष्ट एका फ्रेंच डॉक्टरची आहे. पण त्याआधी बायबलची पहिली दोन पानं बघू.

पहिलं पुस्तक, ‘उत्पत्ती’. पहिल्या अध्यायात देव सहा दिवसांत जग घडवतो. तिसऱ्या दिवशी झाडं, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र, मग मासे आणि पक्षी. सहाव्या दिवशी जनावरं आणि शेवटी माणूस, नर आणि नारी एकदमच. आता दुसरा अध्याय. चौथ्या वचनापासून गोष्ट पुन्हा सुरू होते! झुडपं अजून उगवलेली नाहीत, आणि देव आधी मातीतून पुरुष घडवतो. मग बाग, मग प्राणी, आणि सगळ्यात शेवटी पुरुषाच्या फासळीतून स्त्री. क्रमच बदलला ना?

हे जुन्या लोकांनाही दिसत होतं. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ज्यू विचारवंत फिलो म्हणाला, हे दोन वेगळे मानव आहेत, एक स्वर्गीय आणि एक मातीचा. पुढे संत ऑगस्टिनने मांडलं की सगळं एकाच क्षणी निर्माण झालं. ते सहा दिवस म्हणजे आपले नेहमीचे दिवस नव्हेत.

परंपरेप्रमाणे हे पुस्तक मोशेनं लिहिलं. १६७० मध्ये स्पिनोझानं त्यावरच शंका घेतली आणि वातावरण तापलं. इथे येतो आपला डॉक्टर, ज्याँ आस्त्रुक. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या डॉक्टरांपैकी एक. त्याला मोशेला वाचवायचं होतं.

त्यानं देवाची नावं तपासली. मूळ हिब्रूत पहिल्या अध्यायात ‘एलोहीम’ येतं, दुसऱ्यात ‘यहवे’ हे नाव जोडलं जातं. मराठी बायबलमध्येही हे दिसतं: आधी ‘देव’, मग ‘परमेश्वर देव’. विटर नावाच्या जर्मन पाद्र्यानं १७११ मध्येच हे टिपलं होतं, पण कुणी फारसं लक्ष दिलं नाही. आस्त्रुकनं मात्र नावांप्रमाणे मजकूर वेगवेगळ्या रकान्यांत मांडला. त्याचा निष्कर्ष असा, की मोशेकडे आधीचे जुने दस्तऐवज होते, त्यानं ते शेजारी-शेजारी ठेवले, आणि नंतरच्या नकलकारांनी सरमिसळ केली. १७५३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्यानं हे पुस्तक छापलं. तेही निनावी!

गंमत म्हणजे पुढच्या अभ्यासकांनी त्याची पद्धत उचलली आणि मोशेलाच बाजूला काढलं. त्यांच्यातला सगळ्यात गाजलेला युलियस वेलहाउझेन. आपण विद्यार्थ्यांना चर्चच्या सेवेसाठी तयार करत नाही आहोत, हे मनाला पटेना, म्हणून १८८२ मध्ये त्यानं धर्मशास्त्राची प्राध्यापकी सोडली. दोन अध्यायांतली फट एवढी महाग पडू शकते.

आज बहुतेक विद्यापीठीय अभ्यासक इथे दोन वेगळ्या परंपरा मानतात, तपशिलांवर वाद आहेतच. अनेक श्रद्धावान म्हणतात की विरोध नाहीच. आधी सगळं जग दाखवलंय, मग जवळून माणूस.

मी कामावर दुसऱ्यांचा जुना कोड वाचतो. एकदा सारखी दिसणारी दोन फंक्शन्स सापडली, म्हणून मी एक उडवलं. रात्री दोनला फोन आला: दोन्ही लागत होती. म्हणून मला सगळ्यात भारी वाटतात ते अनामिक लोक, ज्यांनी या दोन गोष्टी एकत्र बांधल्या. त्यांना फरक दिसला नसेल? मला नाही वाटत. त्यांनी तरीही काहीच उडवलं नाही.

आज पाच मिनिटं काढा आणि ती दोन पानं स्वतः वाचा. भेटू पुढच्या भागात!