आगलाव्यांचं कुरण

चालू सिस्टिममधला एखादा क्रॉन जॉब 'हा काय कामाचा?' म्हणून तुम्ही कधी उडवलाय? मी उडवलाय. पहिल्याच प्रोजेक्टवर. रोज रात्री दोनला चालायचा, लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला, डॉक्युमेंटमध्ये अवाक्षर नाही. मी म्हटलं कचरा आहे, काढून टाकू. दोन महिने सगळं आलबेल. मग एका शुक्रवारी रात्री डिस्क भरली आणि सर्व्हरने मान टाकली. तो बिचारा जॉब रोज जुन्या फायली साफ करत होता!

हे आठवायचं कारण म्हणजे एक कुरण.

मध्यंतरी ऑनसाईटला ऑरेगनमध्ये होतो, पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोला. एप्रिलअखेरच्या एका शनिवारी रूममेटने गाडी काढली आणि आम्ही दोन तास दक्षिणेला, युजीन गावाच्या पश्चिमेला गेलो. तिथे विलामेट खोऱ्यातली जुनी पाणथळ कुरणं थोडीफार शिल्लक आहेत. समोर निळंजांभळं काहीतरी पसरलेलं. मला वाटलं तळं आहे. जवळ गेलो तर फुलं! कॅमस नावाच्या कंदाची. (नंतर कळलं की असा फसणारा मी पहिला नाही. लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेतल्या लुईसलाही १८०६ च्या जूनमध्ये, आजच्या आयडाहोमध्ये, फुललेला कॅमस पाहून तळ्याचाच भास झाला होता.)

ही जागा मोठी मजेशीर आहे. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस आलेल्या महापुरांनी या खोऱ्यात गाळाचे थर आणून टाकले. खाली चिकणमाती, त्यामुळे पाणी मुरत नाही. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत. म्हणजे सहा महिने पायाखाली पचपच आणि नंतर भेगा. अशा जमिनीत तगणं येरागबाळ्याचं काम नाही. गवताचे ठोंब उंचवट्यावर राहतात. कॅमस उन्हाळाभर कंदात दडी मारतो. जिथे खोलगट भागात पाणी साचतं, तिथे वसंतात तळं आटत जातं तशी डाउनिंगियाची चिमुकली निळी फुलं येतात आणि पाऊस यायच्या आत बी टाकून मोकळी होतात.

आता वाटेल, निसर्गाची किमया! मलाही तसंच वाटलं. पण तिथल्या पाटीवर लिहिलं होतं की या भागाला मुद्दाम आग लावली जाते. आग? संरक्षित फुलांच्या कुरणाला? घरी येऊन वाचत बसलो आणि रविवार त्यातच गेला.

तर गोष्ट अशी. या खोऱ्यात हजारो वर्षं कलापुया लोक राहत होते. कॅमस हे त्यांचं मुख्य अन्न. बायका टोकदार काठ्यांनी कंद खणायच्या, जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर दीर्घकाळ भाजायच्या. कच्च्या कंदातलं इन्युलिन आपल्याला पचत नाही, भाजून त्याची साखर होते. त्यात पांढऱ्या फुलांचा एक विषारी भाऊबंद शेजारीच उगवतो, आणि फुलं गेली की दोघांचे कंद सारखेच दिसतात. म्हणजे फुलांच्या दिवसांतच ओळख पटवून ठेवायची. आणि उन्हाळा सरता सरता सगळं कुरण पेटवून द्यायचं.

१८२६ च्या सप्टेंबरअखेरीस डेव्हिड डग्लस नावाचा स्कॉटिश वनस्पतीसंशोधक (डग्लस फर झाडाला ज्याचं नाव आहे तोच) या खोऱ्यातून गेला. मैलोन् मैल जळलेली जमीन, घोड्यांना चारा मिळेना. त्याने विचारलं तेव्हा कुणी सांगितलं, हरणं न जाळलेल्या भागात चरायला यावीत म्हणून. कुणी सांगितलं, मध आणि नाकतोडे सापडावेत म्हणून. दोन्ही खरं असणार. पण आगीचं आणखी एक काम होतं: अॅश वगैरे झाडांची रोपं मोठी होऊ न देणं. म्हणजे कुरण कुरणच राहतं आणि कॅमसला ऊन मिळतं.

मग १८३० ते १८३३ या काळात मलेरियाची साथ आली आणि बहुतेक लोक गेले. १८४० च्या दशकात काहीशेच उरले. १८५० मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून गोऱ्या जोडप्यांना ६४० एकरपर्यंत जमीन फुकट द्यायला सुरुवात केली. जमिनीच्या मालकांशी करार कधी? १८५५ मध्ये! (आधी डिप्लॉय, मग अप्रूव्हल.) १८५६ मध्ये उरलेल्यांना ग्रँड राँडच्या राखीव क्षेत्रात हलवलं. आग थांबली.

वर्ष-दोन वर्षं काही बिघडलं नसेल. मग झुडपं आली, झाडं आली. उरलेल्या जमिनीतून चर खणून पाणी काढलं, नांगर फिरला. आज या खोऱ्यातलं गवताचं बी ठिकठिकाणच्या लॉन्ससाठी जातं आणि मूळ पाणथळ कुरणं जेमतेम एक-दोन टक्के उरली आहेत. ब्रॅडशॉज लोमेशियम नावाचं पिवळ्या फुलांचं एक रोप तर १९८८ मध्ये धोक्यात आलेल्यांच्या यादीत गेलं. संशोधकांनी प्रयोग केले, तर नियंत्रित आग दिलेल्या भागात त्याची संख्या वाढली. २०२१ मध्ये ते यादीतून बाहेर आलं.

इथे एक खुलासा. सह्याद्रीत दरवर्षी लागणाऱ्या वणव्यांचं मी समर्थन करतोय असं कृपा करून कुणी समजू नका. कुठे, कधी, किती आणि वाऱ्याची दिशा कोणती, हे माहीत असणं हीच तर सगळी विद्या आहे. आणि ती विद्या माणसांच्या डोक्यात होती. त्या माणसांना हाकललं, आणि मग शंभर-सव्वाशे वर्षांनी आपण तीच गोष्ट प्लॉट आखून, मोजमाप करून पुन्हा शिकलो.

माणसं मात्र पुरती संपली नव्हती. १९५४ मध्ये सरकारने ग्रँड राँडची मान्यताच काढून घेतली होती, ती लढून १९८३ मध्ये परत मिळवली. अलीकडे या खोऱ्यातल्या नियंत्रित आगींमध्ये त्यांचे लोक सहभागी होतात. ज्यांना आगलावे म्हणून गप्प केलं, त्यांच्याच हातात पुन्हा मशाल.

त्या शुक्रवारी रात्री आम्ही शेवटी काय केलं माहितीये? जॉब लिहिणाऱ्या त्या जुन्या माणसाचा नंबर शोधून फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, "काढायच्या आधी विचारायचं ना रे!"

नंबर सापडला हे माझं नशीब.