मेनफ्रेमवरील लिनक्स व डिस्कच्या प्रतींचा प्रश्न

मेनफ्रेम यंत्रांचा इतिहास बहुधा वेगाचा आणि साठवणक्षमतेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याची एक निराळी बाजू तपासावयाची आहे. डिस्कवरील मजकुराची प्रत काढणाऱ्यास त्या मजकुराचे कितपत ज्ञान असते, हा तो प्रश्न होय. लिनक्स ही कार्यप्रणाली मेनफ्रेमवर आली, तेव्हा तो विशेष तीव्रतेने पुढे आला.

आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्या डिस्कवरील नोंदींची लांबी ठराविक नसे. नोंद कोठे आहे व किती लांब आहे हे प्रथम लिहिलेले असे, त्यानंतर हवी असल्यास ओळखीची किल्ली आणि शेवटी प्रत्यक्ष मजकूर येई. प्रत्येक व्हॉल्यूमला सहा अक्षरांपर्यंतचे नाव असे व त्यावर कोणता संच कोठे आहे याची सूची असे. पुढे २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर झाली. एका यंत्राची अनेक यंत्रे भासविणे आणि एका डिस्कचे लहान भाग करून ते निरनिराळ्या धन्यांस देणे, हे तिचे वैशिष्ट्य. तिच्यातील डीडीआर हा प्रोग्रॅम डिस्कचा मजकूर टेपवर उतरवून घेई आणि गरज पडल्यास जसाच्या तसा परत ठेवी. त्या मजकुराचा अर्थ काय, याच्याशी त्यास कर्तव्य नसे.

याउलट, लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला तो वैयक्तिक संगणकावर. तेथे डिस्क म्हणजे सारख्या आकाराच्या खंडांची रांग. डिसेंबर १९९९ मध्ये आयबीएमने लिनक्स मेनफ्रेमवर चालविण्यासाठी केलेले फेरबदल प्रसिद्ध केले. हे काम जर्मनीतील बोब्लिंगेन येथील प्रयोगशाळेत झाले होते. दोन परंपरांची सांगड घालताना किंमत मोजावी लागली. ३३९० जातीच्या डिस्कच्या एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइटांची नोंद मावते. लिनक्सचे ४,०९६ बाइटांचे खंड मात्र तेथे बाराच बसतात, म्हणजे ४९,१५२ बाइट. उरलेली जागा प्रत्येक खंडाच्या वेगळ्या नोंदीपायी खर्ची पडते.

लिनक्सने डिस्कची मांडणी केवळ आपल्या सोयीने केली, तर शेजारची झेड/ओएस ही मुख्य प्रणाली त्या व्हॉल्यूमला ओळखत नसे. म्हणून ‘सुसंगत मांडणी’ तयार करण्यात आली. तीत व्हॉल्यूमचे नाव व सूची जुन्या रीतीप्रमाणेच राहतात, आणि लिनक्सचे जास्तीत जास्त तीन विभाग झेड/ओएसला आपल्याच संचांसारखे दिसतात. त्यामुळे संस्थेत पूर्वापार चालत आलेली प्रत काढण्याची व्यवस्था लिनक्सच्या डिस्कांनाही लागू करता आली. हा दोन प्रणालींमधील एक तहच होता.

तथापि तहाने ओळख मिळाली, अर्थ मिळाला नाही. लिनक्स लिहावयाचा मजकूर काही काळ स्मृतीत राखून ठेवते व सवडीने डिस्कवर उतरविते. अशा वेळी बाहेरून काढलेली प्रत ही अर्धवट लिहिलेल्या वहीची प्रत ठरते. प्रत काढणारा प्रोग्रॅम ‘काम निर्दोष झाले’ असा निर्वाळा देतो आणि तो खोटाही नसतो. ट्रॅक खरोखरच जसेच्या तसे उतरलेले असतात. दोष उघडकीस येतो तो पुनःस्थापनेच्या दिवशी, म्हणजे मूळ डिस्क गेल्यानंतर. एकाच फाइल-व्यवस्थेत अनेक व्हॉल्यूम गुंफलेले असतील आणि त्यांच्या प्रती वेगवेगळ्या क्षणी निघाल्या असतील, तर अनर्थ अधिकच मोठा. म्हणून लिनक्स बंद करून, अथवा निदान त्याचे लेखन थोपवून, सर्व व्हॉल्यूमांची एकाच क्षणाची प्रत घेणे अवश्य ठरते.

लिनक्सच्याच आतून एकेक फाइलची प्रत घ्यावी, हा दुसरा मार्ग. येथे अर्थाचे ज्ञान आहे, पण पात्राचे नाही. फाइली परत ठेवल्या की त्या डिस्कवर नव्या जागी बसतात, आणि यंत्र सुरू करणारी नोंद मात्र जुन्या जागांचे पत्ते सांगत राहते. झिपल हा प्रोग्रॅम पुन्हा चालवून ती नोंद नव्याने लिहिल्यावाचून त्या डिस्कवरून लिनक्स सुरू होत नाही. संपूर्ण व्हॉल्यूमची प्रत परत ठेवल्यास ही अडचण येत नाही.

तात्पर्य, बाहेरच्यास पात्र ठाऊक असते आणि आतल्यास मजकूर. दोन्ही मार्ग परस्परपूरक आहेत, पर्यायी नव्हेत. प्रत निघाली, एवढ्यावर समाधान मानणारा व्यवस्थापक केवळ पात्राची साक्ष घेत असतो. मजकुराची साक्ष घ्यावयाची तर ती प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवून लिनक्स तेथून प्रत्यक्ष सुरू करून पाहिले पाहिजे, आणि तेही संकट येण्यापूर्वी. जी प्रत कधी परत ठेवून पाहिलेली नाही, तिला प्रत म्हणणे हे धाडसाचे आहे.