ऑटोकॅड: सगळ्या लेआउटमधला तोच मजकूर एकदाच कसा बदलायचा?

शिरोळ तालुका कृष्णा-पंचगंगेच्या काठचा. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या या भागात घराच्या नकाशातला पूरपातळीचा आकडा किरकोळ नसतो. स्थळदर्शक नकाशा, छेद, दर्शनी बाजू, पायाचा तपशील अशा चार-पाच पानांवर तो पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. आकडा सुधारला आणि एका पानावर जुनाच राहिला, तर प्रकरण त्रुटी काढून परत येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे गवंडी जुन्या पानावरून जोते बांधून मोकळा होतो.

लेआउट म्हणजे काय?

मूळ रेखाटन मॉडेल स्पेसमध्ये असते. छपाईचे प्रत्येक पान म्हणजे एक लेआउट. मालकाचे नाव, गट क्रमांक, पूरपातळी हा मजकूर प्रत्येक लेआउटवर वेगळा टाइप केला, तर तो वेगळाच बदलावा लागतो. त्यावर तीन मार्ग आहेत.

१. फाइंड-रिप्लेस

जुन्या फाइलसाठी सोयीचे. 'फाइंड' कमांडमध्ये शोधाची जागा 'संपूर्ण ड्रॉइंग' ठेवावी, म्हणजे सगळे लेआउट तपासले जातात. मात्र '१२' शोधताना '११२' मधलाही '१२' सापडतो. म्हणून 'पूर्ण शब्दच शोधा' हा पर्याय निवडावा आणि आकडे एकदम न बदलता एकेक पाहून बदलावेत.

२. ॲट्रिब्यूट असलेला टायटल ब्लॉक

ब्लॉकमधला साधा मजकूर मूळ ब्लॉकमध्ये बदलला की सगळीकडे बदलतो. ॲट्रिब्यूटचे मूल्य मात्र प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र साठवलेले असते. इथेच अनेकजण फसतात: 'ॲटसिंक' दिल्याने ॲट्रिब्यूटची रचना जुळते, आधी भरलेली मूल्ये तशीच राहतात. मूल्य सगळीकडे एकदम बदलायचे तर एक्सप्रेस टूल्समधली 'गॅटी' ही कमांड वापरावी.

३. फील्ड

नव्या कामासाठी सर्वात भरवशाचा मार्ग. ऑटोकॅड २००५ पासून ही सोय आहे.

- 'ड्रॉइंग प्रॉपर्टीज'च्या 'कस्टम' भागात 'पूरपातळी' नावाची नोंद करून आकडा भरावा.
- प्रत्येक लेआउटवर आकडा टाइप न करता त्या नोंदीचे फील्ड घालावे.
- आकडा बदलल्यावर 'रिजेन' द्यावे. सगळी पाने एकदम सुधारतात.

फील्डमागची करडी छटा छापली जात नाही. फील्डच्या जागी '####' दिसले, तर ते चुकीच्या नोंदीकडे बोट दाखवते आहे असे समजावे. ही पद्धत एका फाइलपुरती आहे. पाने वेगवेगळ्या फाइलींत असतील, तर 'शीट सेट'मध्ये तीच माहिती एकदा भरून सगळ्या फाइलींत फील्डने आणता येते.

मराठी मजकुराची अडचण

जुन्या नकाशांतले मराठी अनेकदा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असते. पडद्यावर 'गट' दिसते, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. त्यामुळे युनिकोडमध्ये 'गट' शोधल्यास काहीच सापडत नाही. असा मजकूर एकदाच युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेणे बरे. टेक्स्ट स्टाइलला मंगलसारखा ट्रूटाइप फॉन्ट द्यावा. एसएचएक्स फॉन्टमध्ये देवनागरीऐवजी प्रश्नचिन्हे येतात.

छापण्यापूर्वी

मजकूर बदलला म्हणजे रेखाटन बदलले असे नाही. पूरपातळीचा आकडा वर गेला तरी छेदातली जोत्याची रेघ जागेवरच राहते. ती हाताने सरकवावी लागते. सगळे लेआउट एका पीडीएफमध्ये काढून प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे आणि आधीच्या छापील प्रतींवर 'रद्द' लिहून त्या साइटवरून परत घ्याव्यात.