सभासद वाढले, तेव्हा संघ आवरला
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी पिपरी मेघेचा. वर्धा शहराची घरे कुठे संपतात आणि आमची कुठे सुरू होतात, हे नवख्या माणसाला सांगता येणार नाही, इतके आमचे गाव शहराला चिकटलेले आहे. गावात मंडळे पुष्कळ. त्यांतल्या एका मंडळाचा मी बरीच वर्षे सभासद आहे. वार्षिक सभेची नोटीस लागते, ठरल्या वेळी पाच-सात जण जमतात, गणपूर्ती होत नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच सतरंजीवर तेच पाच-सात जण सभा भरवतात. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते! रजिस्टरातली नावे मात्र दरवर्षी वाढतात. गेल्या सभेत एका तरुण सभासदाने विचारले, "यातली अर्धी नावे खोडली तर काय बिघडेल?" त्यावर बराच वाद झाला. नावे कमी झाली तर मंडळाचे वजन कमी होईल, असे जुन्यांचे म्हणणे. नाव असून माणूस नाही, मग वजन कसले, असे त्याचे म्हणणे.

हा वाद ऐकताना मला आमच्याच वर्ध्यातल्या एका संस्थेची आठवण झाली. गांधी सेवा संघ तिचे नाव. आमच्या भागात नुसते 'संघ' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे नागपूरचा संघ उभा राहतो, हा वेगळा. आज वर्ध्यात येणारा पाहुणा सेवाग्राम पाहतो, पवनार पाहतो, मगन संग्रहालय पाहतो. या संघाचे नाव त्याला कोणी सांगत नाही. सतरा वर्षे चाललेला, देशातली मोठमोठी माणसे सभासद असलेला हा बंधुसंघ भरात असताना स्वतःहून आवरला गेला.

त्याची सुरुवात अडचणीच्या काळात झाली. मार्च १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. असहकाराच्या लाटेत ज्यांनी वकिली सोडली, सरकारी शाळेतली मास्तरकी सोडली, ती माणसे आता काय करणार? डिसेंबर १९२२ च्या गया काँग्रेसमध्ये फेरवादी आणि नाफेरवादी असे दोन तट पडले. फेरवाद्यांना कायदेमंडळात जायचे होते. नाफेरवाद्यांनी खादी, अस्पृश्यता निवारण, राष्ट्रीय शिक्षण ही कामे धरून बसायचे ठरवले. पण खादी विणणाऱ्याचे पोट भरते, खादीचा प्रचार करणाऱ्याचे काय? त्याच्याही घरी चूल असते. जमनालाल बजाज व्यापारी होते, त्यांना हा प्रश्न नेमका दिसला. १९२३ मध्ये त्यांनी गांधी सेवा संघ काढला. वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, राजगोपालाचारी, बेळगावचे गंगाधरराव देशपांडे अशी मंडळी त्यात होती. रचनात्मक कामाला वाहून घेतलेल्या माणसाला निर्वाहापुरते द्यायचे आणि त्याला एकटे पडू द्यायचे नाही, असा मूळ हेतू.

ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला होता. त्याच्या सभासदाला शपथा घ्याव्या लागत. सर्व भारतीयांना भाऊ मानीन, स्वतःसाठी पैसा मिळवण्याच्या मागे लागणार नाही, अशा त्या शपथा. उमेदवारीची काही वर्षे काढल्यावरच माणूस पुरता सभासद होई. आणि गंमत पाहा, या भावांच्या घरात खुद्द गांधीजींना जागा मिळाली नाही. फेब्रुवारी १९१५ मध्ये गोखले गेले. गांधीजींना समाजात यायचे होते, पण त्यांची मते आपल्याला पेलणार नाहीत असे काही सभासदांना वाटले. आपल्यावरून फूट नको म्हणून गांधीजींनीच अर्ज मागे घेतला. मला यात त्या सभासदांचे चुकले असे वाटत नाही. दार कोणाला उघडायचे याचा विचार ते करत होते, एवढाच त्याचा अर्थ. पाहुणा मोठा आहे म्हणून त्यांनी नियम वाकवला नाही.

सभासद करायचा म्हणजे त्याच्याकडून काय घ्यायचे, यावर गांधीजींनी काँग्रेसमध्येही एक प्रयोग करून पाहिला. १९२४ चे बेळगाव अधिवेशन, अध्यक्ष ते स्वतः. चार आणे वर्गणीऐवजी महिन्याला २००० वार सूत द्यावे, असे ठरले. ज्याला कातायचे नसेल त्याने दुसऱ्याकडून कातवून द्यावे, अशी पळवाटही तडजोड म्हणून ठेवावी लागली. मग जे व्हायचे तेच झाले. हौसेने कातणारे थोडे, सूत विकत घेऊन देणारे बरेच आणि काहीच न देणारे सर्वांत जास्त. वर्षही पुरते झाले नाही तोच, सप्टेंबर १९२५ मध्ये पाटण्याला, चार आणे किंवा सूत असा पर्याय आला. चार आणे जिंकले.

१९३४ मध्ये गांधीजी काँग्रेसच्या या चार आण्यांच्या सभासदत्वातून बाहेर पडले आणि वर्ध्याला राहू लागले. त्याच वर्षी गांधी सेवा संघाने कात टाकली. जमनालालजींच्या जागी किशोरलाल मशरूवाला अध्यक्ष झाले. सभासदांची दरवर्षी आठवडाभर, निरनिराळ्या खेड्यांत संमेलने भरू लागली. १९३६ चे संमेलन आमच्या शेजारी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या सावलीला झाले. सावली हे खादीचे केंद्र. तिथे गांधीजींनी सभासदांना सांगितले, की गांधीवाद म्हणून काही नाही आणि मला मागे कोणताही पंथ ठेवायचा नाही. ज्या संघाच्या नावातच 'गांधी', त्याच्या सभासदांसमोर हे बोलणे! ऐकणाऱ्यांना काय वाटले असेल?

मला या संमेलनांमधले मोठे ठराव फारसे आठवत नाहीत. आठवतात ते सभासदांचे प्रश्न. एप्रिल १९३७, स्थळ हुदली, बेळगाव जिल्हा. निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या, काँग्रेसला बऱ्याच प्रांतांत बहुमत होते. आता कायदेमंडळात बसायचे तर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागणार. सत्याचे व्रत घेतलेल्या माणसाने ती कशी घ्यावी? ओठांवर निष्ठा आणि पोटात पूर्ण स्वराज्य, हे चालेल का? मशरूवालांसारख्या काटेकोर माणसाला हे टोचत होते. गांधीजींचे उत्तर व्यवहारी होते: ही शपथ कायद्याच्या कामकाजाचा भाग आहे, धार्मिक शपथ नव्हे. काहींचे समाधान झाले, काहींचे नाही. आज आपल्याला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण सभासद होताना आपण जे बोललो त्याचा अर्थ काय, यावर रात्री जागवणारी माणसे होती ती.

दुसऱ्या वर्षी, मार्च १९३८ मध्ये, ओरिसात डेलांगला तर ही टोचणी गांधीजींच्या घरातच शिरली. पुरी जवळच. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाईंच्या पत्नी दुर्गाबेन जगन्नाथाच्या दर्शनाला गेल्या आणि मंदिरात जाऊन आल्या. त्या मंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. गांधीजींना हे कळले तेव्हा ते इतके व्यथित झाले, की त्यांचा रक्तदाब वाढला. दोष त्यांनी स्वतःला आणि महादेवभाईंना दिला: आपण बायकांना नीट समजावून सांगितले नाही. महादेवभाई इतके दुखावले, की मला मोकळे करा म्हणाले. पुढे त्यांनी हे सारे 'हरिजन' साप्ताहिकात मोकळेपणाने लिहिले. व्रत घेतो एक, आणि त्याच्या घरातल्यांनी ते न घेताच पाळायचे, ही अपेक्षा बरोबर होती का? बांना देवाची ओढ होती. त्यांना कोणी विचारले होते का? माझे मन इथे बांच्या बाजूला झुकते. पण घराच्या दाराबाहेर थांबणारे सभासदत्व गांधीजींना मान्यच नव्हते, हेही या प्रसंगातून दिसते.

या काळात तिकडे काँग्रेसचे काय चालले होते? १९३५-३६ मध्ये तिचे सभासद साडेचार लाखांच्या आसपास होते. १९३७ मध्ये प्रांतांत मंत्रिमंडळे आली आणि १९३८-३९ पर्यंत हा आकडा सुमारे ४५ लाखांवर गेला. तीन-चार वर्षांत दहापट! यात स्वराज्याची ओढ होती, तशी सत्तेची ऊबही होती. निवडणुकीसाठी चार आण्यांच्या पावत्या गठ्ठ्याने फाडल्या गेल्या, पत्त्यावर न सापडणारे सभासद नोंदवले गेले. खोट्या सभासदांच्या तक्रारींनी वर्किंग कमिटी त्रासली होती. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये या किडीवर वारंवार लिहिले. जुलै १९३८ मध्ये मध्य प्रांताचे मुख्यमंत्री ना. भा. खरे यांचे प्रकरण वर्ध्यातल्याच बैठकीत चिघळले आणि त्यांना जावे लागले. मग १९३९ ची त्रिपुरी काँग्रेस, सुभाषबाबूंचा राजीनामा. संघाचे सभासद यात कोरडे राहिले होते का? नाही. त्यांतले काही काँग्रेसचे सूत्रधारच होते. गांधी सेवा संघ हा काँग्रेसमधला एक गट आहे, निवडणुकांत तो आपली माणसे पुढे करतो, असा आरोप उघडपणे होऊ लागला, आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणवत नाही. संघाच्या नावाला आता किंमत आली होती, आणि किंमत आली की गिऱ्हाईक येते.

फेब्रुवारी १९४०. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांची भेट घेऊन गांधीजी पूर्व बंगालमध्ये डाक्का जिल्ह्यातल्या मालिकांदाला पोहोचले. प्रफुल्लचंद्र घोष यांचे हे गाव. संमेलनाच्या वेळी विरोधकांनी गांधीवादाविरुद्ध घोषणा दिल्या. गांधीजींनी विरोधकांना फारसे उत्तर दिले नाही. ते आपल्या माणसांकडे वळले. आपल्यात मत्सर आला आहे, संघ सत्तेच्या राजकारणात ओढला गेला आहे, ज्यांना राजकारण करायचे त्यांनी ते जरूर करावे, पण संघाच्या नावाने नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. त्यांनी सल्ला दिला तो संघ आहे त्या रूपात बंद करण्याचा.

सभासदांनी तो मानला. जमलेल्या माणसांनी नावे मागे घेतली. मूठभर माणसांची एक समिती उरली. तिच्याकडे रचनात्मक कामाच्या अभ्यासाचे काम राहिले आणि धुरा वर्ध्याच्या श्रीकृष्णदास जाजूंकडे आली. काका कालेलकर आणि दादा धर्माधिकारी यांच्या संपादनाखाली संघाने १९३८ मध्ये वर्ध्याहून 'सर्वोदय' हे हिंदी मासिक सुरू केले होते, तेही चालू राहिले. कोणी संघावर बंदी घातली नव्हती. पैसा संपला नव्हता. सभासद गळत नव्हते, उलट येऊ पाहत होते.

सगळ्यांना हे पटले असेल? मला शंका आहे. खेड्यात एकट्याने काम करणाऱ्याला वर्षातून एकदा भेटणारे हे आठवडाभराचे कुटुंब होते. वल्लभभाईंना किंवा राजेंद्रबाबूंना संघ नसला तरी काँग्रेस होती. त्या खेड्यातल्या माणसाला काय उरले? मालिकांदाच्या निर्णयाची चर्चा करताना नेत्यांचे राजकारण सगळे सांगतात, या माणसाबद्दल कोणी बोलत नाही.

आठ वर्षांनी गांधीजींनी हेच औषध मोठ्या रोग्याला सुचवले. २९ जानेवारी १९४८ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, त्यांनी लिहिलेल्या मसुद्यात काँग्रेस विसर्जित करून लोकसेवक संघ करावा असे म्हटले होते. ते काँग्रेसने मानले नाही. चालती संस्था, तीही सत्तेवरची, कोण मोडतो? मार्च १९४८ मध्ये सेवाग्रामला देशभरचे कार्यकर्ते जमले, नेहरू आणि राजेंद्रबाबूही आले. तिथे नवी बांधणी करण्याची चर्चा झाली, तेव्हा मालिकांदाचा अनुभव सर्वांच्या गाठीशी होता. विनोबांचा कल घट्ट संघटनेच्या विरुद्ध होता. सर्वोदय समाज निघाला तो सैल असाच. ज्याला विचार पटला त्याने आपले नाव कळवावे; शिस्तभंगाची कारवाई नाही, कोणाची कोणावर सत्ता नाही. त्यातून काढून टाकण्याची सोयच नव्हती.

ही हकिगत मी आमच्या त्या तरुण सभासदाला सांगितली. तो म्हणाला, "काका, त्यांनी स्वतःची नावे खोडली. आपण दुसऱ्यांची खोडायला निघालोय." माझ्याकडे उत्तर नव्हते. विषय पुढच्या सभेवर गेला आहे. नोटीस लागली आहे. रविवारी सायंकाळी पाच वाजता, आणि गणपूर्ती न झाल्यास साडेपाच वाजता, त्याच ठिकाणी.