दूरशिक्षणाकडून ऑनलाइन अध्यापनाकडे : महाराष्ट्रातील एका पदव्युत्तर अभ्यासविषयाची जडणघडण (१९५६ ते २०२०) – कुंभारी (जि. सोलापूर) परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

शिक्षण ही मानवी विकासाची गुरुकिल्ली मानली जाते. परंतु ज्यांना शाळा-महाविद्यालयाच्या वेळेत तेथे पोहोचताच येत नाही, त्यांच्यापर्यंत शिक्षण कसे न्यावे, हा प्रश्न विसाव्या शतकात जगभरातील शिक्षणव्यवस्थांपुढे उभा राहिला. टपाल, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, उपग्रह, संगणक आणि शेवटी भ्रमणध्वनी अशी साधने या कामी एकामागून एक वापरली गेली. साधने बदलत गेली तसतसा आणखी एक प्रश्न पुढे आला. या साधनांद्वारे शिकवायचे कसे, हे शिक्षकाने कोठे शिकावे? या प्रश्नातूनच शैक्षणिक तंत्रविज्ञान, दूरशिक्षणशास्त्र आणि ऑनलाइन अध्यापन हे पदव्युत्तर अभ्यासाचे विषय उदयास आले. या विषयांची महाराष्ट्रातील वाटचाल तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

या वाटचालीची कसोटी म्हणून सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील कुंभारी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातील गाव निवडले आहे. कुंभारीच्या शिवारात महिला विडी कामगारांची दहा हजार घरांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत उभी आहे. तिच्या घरांचे हस्तांतरण २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. त्याच परिसरातील रे नगर प्रकल्पातील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते कामगारांना अर्पण करण्यात आली. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरावेचक, वाहनचालक अशी ही वस्ती आहे. दूरशिक्षणाची कल्पना ज्या माणसासाठी निघाली, तो माणूस येथे मोठ्या संख्येने राहतो.

उद्दिष्टे :

१. महाराष्ट्रातील दूरशिक्षण व तंत्राधिष्ठित अध्यापनाचे ऐतिहासिक टप्पे अभ्यासणे.
२. या साधनांद्वारे शिकविण्याचे शास्त्र पदव्युत्तर अभ्यासविषय म्हणून कसे घडले, याचा शोध घेणे.
३. साधनांचे आगमन आणि शिक्षकाची तयारी यांतील संबंध स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे. अभ्यासाचा मुख्य कालखंड १९५६ ते २०२० असा आहे. कुंभारी परिसराच्या संदर्भात त्यानंतरच्या काही घटनांचाही उल्लेख केला आहे.

पुण्याचा आकाशवाणी प्रयोग :

महाराष्ट्रातील या इतिहासाचा आरंभबिंदू म्हणून १९५६ मधील पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण श्रोतृमंडळांकडे पाहता येते. युनेस्कोच्या साहाय्याने झालेल्या या प्रयोगासाठी तत्कालीन मुंबई राज्याच्या मराठी भाषक भागातील पाच जिल्ह्यांतून सुमारे १५० गावे निवडण्यात आली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रसारित होई. सुमारे वीस गावकऱ्यांचे मंडळ तो एकत्र बसून ऐके, त्यावर चर्चा करी आणि आपले प्रश्न आकाशवाणीकडे पाठवी. प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले.

मूल्यमापनासाठी श्रोतृमंडळ असलेली गावे, केवळ रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. मंडळ नसलेल्या गावांत, रेडिओ असूनही, ती अत्यल्प होती. गावात यंत्र आल्याने लोक शिकतात असे नाही, यंत्राभोवती माणसे बसवून बोलती करावी लागतात, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पुढील सहा दशकांत हा धडा अनेकदा विसरला गेला, म्हणून तो येथे सविस्तर नोंदविला आहे.

पत्रद्वारा शिक्षण ते मुक्त विद्यापीठ :

दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये हा मार्ग स्वीकारला. छापील टिपणे टपालाने पाठविणे व वर्षाअखेरीस परीक्षा घेणे, असे त्याचे साधारण स्वरूप होते. हा मार्ग नोकरदारांना सोयीचा ठरला. परंतु टिपण कसे लिहिले म्हणजे विद्यार्थी एकटा बसून शिकू शकेल, याचे शास्त्र त्या काळी प्राध्यापकांजवळ नव्हते. वर्गातील व्याख्यानच कागदावर उतरत असे.

ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठाने हे चित्र बदलले. तज्ज्ञांच्या गटाने पाठ तयार करणे, प्रत्येक घटकाला उद्दिष्टे व स्वयंमूल्यमापनाचे प्रश्न जोडणे आणि स्थानिक केंद्रात मार्गदर्शक नेमणे, ही पद्धत तेथून जगभर पसरली. भारतात आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये पहिले मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ अस्तित्वात आले. या विद्यापीठाने १९८७ मध्ये अध्यापन सुरू केले, ते केवळ दोन अभ्यासक्रमांनी. एक व्यवस्थापनाची पदविका होती आणि दुसरी दूरशिक्षणाची. दोन्हींचे मिळून ४,५२८ विद्यार्थी होते. दूर अंतरावरून कसे शिकवावे, हे आधी शिक्षकांना शिकवावे आणि मग विस्तार करावा, असा विचार या निवडीत दिसतो. भारतात दूरशिक्षण हा उच्च शिक्षणातील स्वतंत्र अभ्यासविषय होण्याच्या दृष्टीने ही पदविका महत्त्वाची आहे. पुढे याच विद्यापीठात दूरशिक्षणातील एम. ए. अभ्यासक्रमही सुरू झाला.

महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. प्रा. राम ताकवले हे त्याचे संस्थापक कुलगुरू होत. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी आधीच भूषविले होते. पुढे ते इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेतलेल्या नाशिकच्या विद्यापीठाचे ऐतिहासिक कार्य दुहेरी आहे. पूर्वतयारी शिक्षणक्रमाद्वारे त्याने बारावी न झालेल्या प्रौढांना पदवीचे दार उघडून दिले. तसेच स्वयं-अध्ययनाची पुस्तके, अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र, शिक्षणक्रम अशी परिभाषा रूढ करून दूरशिक्षणाचा व्यवहार मराठीत आणला. सेवेतील शिक्षकांसाठी असलेल्या बी. एड. शिक्षणक्रमामुळे राज्यातील असंख्य शिक्षक स्वतः दूरशिक्षणाचे विद्यार्थी झाले. दूरस्थ विद्यार्थ्याची अडचण त्यांना अनुभवाने कळली.

दूरचित्रवाणी व उपग्रहाचा काळ :

१९८४ हे वर्ष या दृष्टीने उल्लेखनीय आहे. इन्सॅट योजनेअंतर्गत पुण्यात बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली. शालेय मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार करणे हे तिचे काम होते. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा देशव्यापी वर्ग दूरदर्शनवरून सुरू झाला. त्यासाठी पुणे विद्यापीठासह काही विद्यापीठांत कार्यक्रमनिर्मितीची केंद्रे उभारण्यात आली. देशव्यापी वर्गाचे माध्यम प्रामुख्याने इंग्रजी होते. त्यामुळे ग्रामीण महाविद्यालयातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास त्याचा लाभ मर्यादितच झाला. बालचित्रवाणी मराठीत बोलत होती, परंतु ती संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली.

२० सप्टेंबर २००४ रोजी एज्युसॅट हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात गेला. त्यापूर्वी इन्सॅट-३बी उपग्रहाद्वारे झालेल्या पथदर्शी टप्प्यासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा समावेश होता. दूरच्या केंद्रातील विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येण्याची सोय हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होते. एज्युसॅटची सेवा २०१० मध्ये संपुष्टात आली. उपकरणांचे आयुष्य अल्प असते, त्यांच्याद्वारे शिकविण्याचे कौशल्य मात्र टिकते, हे या दोन्ही उदाहरणांवरून लक्षात येते.

संगणक, आंतरजाल आणि नवा अभ्यासविषय :

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली. एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या गावापर्यंत संगणक साक्षरता पोहोचली. उच्च शिक्षणात भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या एनपीटीईएल प्रकल्पाने व्याख्यानांच्या चित्रफिती सर्वांसाठी खुल्या केल्या.

या टप्प्यावर अध्यापन-तंत्रविज्ञानाकडे संशोधनाचा विषय म्हणून गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रविज्ञानाचा स्वतंत्र विभाग असून तेथे या विषयाचे पदव्युत्तर अध्यापन होत आले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या आणि घरी अभ्यास करणाऱ्या स्त्रियांनाही परीक्षेस बसू देणाऱ्या विद्यापीठात हा विषय रुजावा, हे त्या परंपरेशी सुसंगतच आहे. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे २०१० मध्ये शैक्षणिक तंत्रविज्ञानाचा आंतरविद्याशाखीय पीएच. डी. कार्यक्रम सुरू झाला. याच संस्थेने प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दूरस्थ केंद्रांद्वारे हजारो अभियांत्रिकी शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प राबविला. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने संगणकविषयक छोटे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले.

९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाचे स्वयम् व्यासपीठ सुरू झाले. २०१८ पासून प्राध्यापकांचे उजळणी वर्गही त्यावर होऊ लागले. म्हणजे ऑनलाइन शिकविणे अपेक्षित असलेला प्राध्यापक स्वतः ऑनलाइन विद्यार्थी झाला. तथापि, ही सोय ऐच्छिक होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा ऑनलाइन अध्यापनाची पद्धतशीर तयारी झालेले अध्यापक थोडेच होते. अनेकांनी वर्गातील तासिका जशीच्या तशी पडद्यावर नेली. पत्रद्वारा शिक्षणाच्या काळात व्याख्यान कागदावर उतरले होते, आता ते भ्रमणध्वनीवर उतरले. मधल्या काळात साठलेले शास्त्र बहुसंख्य शिक्षकांपर्यंत पोहोचलेच नव्हते.

सोलापूरचे उदाहरण व कुंभारीची कसोटी :

सोलापूर जिल्हा पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होता. १ ऑगस्ट २००४ रोजी या एका जिल्ह्यासाठी सोलापूर विद्यापीठ स्थापन झाले. २०१९ मध्ये त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. विद्यापीठ जवळ आले, परंतु अंतर केवळ मैलांचे नसते. घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीच्या दिवसात पाने कापणे, विड्या वळणे आणि तयार माल कारखान्यात नेऊन देणे यांबरोबर घरकामही असते. तिची मजुरी विड्यांच्या संख्येवर ठरते. त्यामुळे अभ्यासाला दिलेला प्रत्येक तास मजुरीतून वजा होतो. दुपारी ठरलेल्या वेळेची ऑनलाइन तासिका तिला किंवा तिला मदत करणाऱ्या मुलीला महाविद्यालयातील तासिकेइतकीच गैरसोयीची ठरू शकते. हवे तेव्हा वाचता, ऐकता व थांबविता येणारा पाठ आणि ठरावीक दिवशी भेटणारा मार्गदर्शक, अशी रचनाच तिला उपयुक्त ठरेल.

दुसरा मुद्दा भाषेचा आहे. सोलापूर परिसरात मराठीबरोबरच तेलुगू, कन्नड व उर्दू घराघरात बोलली जाते. या संदर्भात माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे कार्य बोलके आहे. त्यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. पुस्तकांना जोडलेल्या क्यूआर संकेतांमुळे त्यांचे नाव झाले. परंतु पाठ्यपुस्तकातील आशय मुलांच्या मातृभाषेत नेण्याचे त्यांचे काम तितकेच मोलाचे आहे. संकेत छापणे सोपे असते. त्याच्या पलीकडे मुलाला समजेल असा पाठ ठेवणे, हे शिक्षकाचे खरे काम होय.

कुंभारीच्या वसाहतीला ज्यांचे नाव आहे, त्या गोदावरी परुळेकर यांनी १९३० च्या दशकात मुंबईत प्रौढ साक्षरतेचे कार्य केले होते. त्या काळी पाटी आणि कंदील ही साधने होती. शिकणाऱ्याच्या वस्तीत जाऊन, त्याच्या सवडीने शिकविणे ही प्रौढशिक्षणाची रीत होती. आजच्या ऑनलाइन अध्यापनाला ती परकी वाटू नये.

निष्कर्ष :

१. महाराष्ट्रात बहुतेक टप्प्यांवर साधन आधी आले आणि शिक्षकाची तयारी नंतर झाली. १९८७ ची दूरशिक्षण पदविका व नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची रचना हे त्यास ठळक अपवाद होत.
२. १९५६ च्या पुणे प्रयोगाने चर्चा व मार्गदर्शन यांचे महत्त्व सिद्ध केले होते. या निष्कर्षाचा पुढे पुरेसा उपयोग झाला नाही.
३. शैक्षणिक तंत्रविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण व संशोधन प्रामुख्याने महानगरांत वाढले. त्याची सर्वाधिक गरज मात्र कुंभारीसारख्या कामगार वस्त्यांतील विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या महाविद्यालयांना आहे.
४. मातृभाषेतील आशय व विद्यार्थ्याच्या कामाचे वेळापत्रक यांचा विचार न करणारे ऑनलाइन अध्यापन जुन्या पत्रद्वारा शिक्षणाच्याच मर्यादा पुन्हा निर्माण करते.

समारोप :

साडेसहा दशकांच्या या वाटचालीत रेडिओ, दूरचित्रवाणी व उपग्रह यांचा काळ आला आणि ओसरला. टिकून राहिला तो शिकविणारा आणि शिकणारा यांच्यातील संवाद. हा संवाद दुरून कसा साधावा, याचे शिक्षण जिल्हा पातळीवरील विद्यापीठांतून मराठीत उपलब्ध झाले, तर पुण्याच्या श्रोतृमंडळांनी १९५६ मध्ये दाखविलेली वाट कुंभारीच्या वसाहतीपर्यंत पोहोचू शकेल. अन्यथा घरात पडदा येईल आणि शिक्षण दाराबाहेरच राहील.